मुंबईत खेळ पाहायचे असतील तर केबल घ्यावी की डिश?

लालबागकर:
मुंबईत राहून जो मनापासून खेळ पाहतो, त्याने केबलच घ्यावी असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्याचे कारण पावसाळा हे आहे. घरावरची छोटी डिश ज्या केयू बँडवर, म्हणजे उपग्रहाच्या लहरींच्या एका पट्ट्यावर चालते, त्याच्या लहरी जेमतेम अडीच सेंटिमीटर लांबीच्या असल्यामुळे दाट सरींमध्ये त्या शोषल्या जातात आणि पडद्यावर सिग्नल नसल्याची पाटी येते. केबलवाल्यांच्या कंट्रोल रूमवरच्या मोठ्या छत्र्या मुख्यतः सी बँड या दुसऱ्या पट्ट्यावर असतात. त्या लहरी सुमारे तिप्पट लांब असल्याने पाऊस त्यांना फारसा अडवत नाही, आणि पुढचा प्रवास तारेतून होतो. आयपीएल एरवी पावसाआधी आटोपते, म्हणून हा फरक अनेकांच्या लक्षात येत नाही. परंतु विम्बल्डन आणि इंग्लंडमधल्या कसोटी मालिका आपल्या ऐन पावसाळ्यातच येतात. 4 ऑगस्ट 2025 रोजी ओव्हलवर भारताने सहा धावांनी विजय मिळवून मालिका 2-2 अशी बरोबरीत सोडवली, तेव्हा शेवटच्या दिवसाचा खेळ तासाभरातच संपला होता. अशा तासात दहा मिनिटे चित्र गेले तर ती भरपाई कशानेच होत नाही, कारण निकाल कळल्यावर पाहिलेल्या क्षणचित्रांत धाकधूक उरत नाही.

बोरिवलीकर:
पावसाचे शास्त्र आपण बरोबर मांडले आहे, पण तारेचा प्रवास आपण फारच सुरक्षित धरला आहे. ती तार एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर, तिथून झाडाच्या फांदीला टेकून आमच्या जिन्यातल्या डब्यात येते, आणि वाटेतल्या ॲम्प्लिफायरची, म्हणजे सिग्नल वाढवणाऱ्या यंत्राची, वीज गेली की त्यापुढच्या सगळ्या घरांचे चित्र जाते. मागच्या पावसाळ्यात फांदी पडून आमची तार तुटली, तेव्हा केबलवाल्याचा माणूस शिडी घेऊन येईपर्यंत दोन दिवस गेले. डिशचे चित्र सर ओसरली की आपोआप परत येते. शिवाय अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्याला डिश सोबत नेता येते, तर केबलसाठी प्रत्येक वेळी त्या भागातल्या केबलवाल्याशी नव्याने बोलावे लागते.

मुलुंडकर:
दोघांनीही दिशेचा विचार केलेला नाही. आपल्याकडच्या डीटीएच, म्हणजे थेट घरच्या डिशवर येणाऱ्या सेवांचे उपग्रह मुंबईच्या रेखांशाच्या बरेच पूर्वेला असल्याने डिश साधारण आग्नेयेकडे वळवावी लागते. ज्याची खिडकी पश्चिमेला आहे, किंवा ज्याच्या आग्नेयेला पुनर्विकासाचा टॉवर उभा राहिला आहे, त्याला सोसायटीकडून गच्चीची परवानगी मिळाली नाही तर निवडीचा प्रश्नच उरत नाही.

गिरगावकर:
मासिक खर्च नको असलेल्यांसाठी मी डीडी फ्री डिश या दूरदर्शनच्या मोफत डिश सेवेची बाजू मांडतो. 2007 च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे प्रक्षेपण प्रसार भारतीला, म्हणजे दूरदर्शन चालवणाऱ्या सरकारी संस्थेला द्यावे लागते, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या 2017 च्या निकालानंतर ते फक्त दूरदर्शनच्या स्वतःच्या प्रक्षेपणावर आणि फ्री डिशवर दाखवता येते. केबलवर किंवा खासगी डिशवर ते मिळत नाही. भारतीय पुरुष संघाचे एकदिवसीय व ट्वेंटी-20 सामने एवढेच ज्याला हवे आहेत, त्याने क्रीडा वाहिन्यांचे पैसे का भरावेत?

लालबागकर:
गिरगावकर, आपला मुद्दा मोलाचा आहे, पण टेनिस आणि बहुतेक कसोटी सामने पाहणाऱ्याचे त्यात भागत नाही. बोरिवलीकरांची तक्रार मला मान्य आहे. मात्र ती तार ओढण्याच्या पद्धतीविरुद्ध आहे, केबलविरुद्ध नाही, आणि इमारतीपर्यंत फायबर आलेले असेल तर मधल्या रस्त्यावरच्या ॲम्प्लिफायरचा प्रश्न बराचसा सुटतो. किमतीवरून तर कोणी डिश घेऊच नये, कारण 2019 पासूनच्या ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमांनुसार वाहिनीची कमाल किंमत दोन्हीकडे एकच असते. जोडणी घेण्यापूर्वी वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याला एवढेच विचारावे, की जुलैमध्ये तार तुटली तेव्हा दुरुस्तीला कोण आले आणि किती वेळात आले.

बोरिवलीकर:
मी विचारले आहे, आणि म्हणूनच डिश घेतली आहे.