मदत हवी आहे: स्पीकर भिंतीला टेकले की बास घुमतो

मंडळी, जाणकारांचा सल्ला हवाय. आमच्या हॉलची लांबी साधारण ३.६ मीटर. बुकशेल्फ स्पीकर आहेत, पोर्ट (बाससाठी हवा आत-बाहेर जायचं भोक) मागच्या बाजूला. भिंतीपासून हातभर पुढे ओढले की बेस गिटारचा एकेक स्वर सुटा ऐकू येतो. पण तिथूनच सगळ्यांची ये-जा, त्यामुळे संध्याकाळपर्यंत ते पुन्हा भिंतीला टेकलेले असतात. (कोण ढकलतं हे विचारायची सोय नाही, ॲम्प्लिफायरच्या खर्चाचा विषय अजून निघतो.)

ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला तर या लांबीला पहिला रेझोनन्स (ज्या कंपनसंख्येला खोलीच घुमते ती) ४८ हर्ट्झच्या आसपास येतो. टोन जनरेटर (हव्या त्या कंपनसंख्येचा एकच स्वर काढणारं साधन) लावून पाहिला, तर नेमकी तिथेच कपाटाची काच थरथरते. गालिचा आहे, पण तो वरच्या पट्टीतला आवाज शोषतो. इतक्या खाली त्याची जाडी कुठे पुरणार!

एक मित्र म्हणतो, केबल बदल. केबल बदलून खोलीची लांबी बदलत नाही, असं माझं मत. त्यावर वाद नको.

पोर्टमध्ये फोमचा बोळा घालून कुणी ऐकलंय का? बास आटोक्यात येतो की आवाजातला जीवच जातो? की सरळ पॅरामेट्रिक इक्वलायझरने (ठरावीक कंपनसंख्येचाच आवाज कमी-जास्त करता येतो तो) ४८ हर्ट्झ चार-सहा डेसिबल खाली ओढू? नवी खरेदी शक्यतो टाळायची आहे. कुणी घरच्या घरी बास ट्रॅप (बास शोषणारे जाड पॅनेल) बनवले असतील तर जाडी सांगा आणि फोटोही टाका. दिसायला बरे असतील तरच त्यांना हॉलमध्ये प्रवेश मिळेल.