प्रति: गुलाबी अ‍ॅक्सोलॉटल म्हणजे अल्बिनोच का?

अ‍ॅक्सोलॉटल म्हणजे मेक्सिकोतला, पाण्यात राहणारा सॅलॅमँडर (सरड्यासारखा दिसणारा उभयचर). त्याच्याबद्दल वरच्या पोस्टमध्ये "पांढरा-गुलाबी दिसतो म्हणजे अल्बिनो" असं लिहिलंय, ते तितकंसं बरोबर नाही. आधी डोळे बघा. अंग पांढरं, कल्ले लालसर आणि डोळे काळेभोर असतील तर तो ल्युसिस्टिक. त्याच्यात काळं रंगद्रव्य तयार होतं, पण रंगपेशी गर्भावस्थेत पाठीवरून अंगभर पसरतच नाहीत. म्हणूनच काहींच्या डोक्यावर काळे ठिपके उमटतात. अल्बिनोत मेलॅनिनच (म्हणजे ते काळं रंगद्रव्यच) तयार होत नाही, त्यामुळे बुबुळ फिकट गुलाबी दिसतं. सोनेरी पिवळा असतो तोही अल्बिनोच, फक्त त्याच्या पिवळ्या रंगपेशी शाबूत असतात.

काळ्यांमध्ये खरी गंमत आहे. झोचिमिल्कोतल्या (मेक्सिकोतलं त्यांचं मूळ सरोवर) मूळ रंगाच्या प्राण्याच्या बाहुलीभोवती चमकदार सोनेरी कडं असतं, मेलॅनॉइडला (चमकदार रंगपेशी नसलेला काळा प्रकार) ते नसतं. दुकानदार मात्र दोघांना सर्रास 'ब्लॅक' म्हणून खपवतात!

पांढरे काही आजकालचे नाहीत. 1860च्या दशकात पॅरिसला पोचलेल्यांमध्येही पांढरा होता. अल्बिनोचं जनुक मात्र 1962 मध्ये टायगर सॅलॅमँडरशी (जवळची दुसरी जात) संकर करून आणलेलं.

आणि हो, फोटो टाकताना निळा दिवा बंद ठेवा, त्यात खरा रंग कळत नाही.