उतरताना अपघात झाला की 'वैमानिकाची चूक' म्हणून थांबायचं का?

क्षितिज
विमान खाली येताना अपघात झाला की 'वैमानिकाची चूक' हे शब्द बातमीत येतात आणि चर्चा तिथेच मिटते. माझ्या मते या शब्दांनी कारण कळत नाही, चौकशी कुठून सुरू करायची एवढंच कळतं.

२० जानेवारी १९९२ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला उतरणारं एअरबस ए३२० विमान रात्री डोंगरावर आदळलं. ८७ जण गेले. सर्वात संभाव्य कारण असं: वैमानिकांना ३.३ अंशांचा उतार हवा होता, पण यंत्रणा 'मिनिटाला किती फूट' या मोडमध्ये होती. दोन्हींसाठी नॉब एकच आणि आकड्याची खिडकीही एकच. एका मोडमध्ये तिथे '-३.३' दिसायचं, दुसऱ्यात '-३३', म्हणजे मिनिटाला ३,३०० फूट. हव्या त्या दराच्या जवळजवळ चौपट. जमीन जवळ आल्याचा इशारा देणारी यंत्रणा त्या विमानात बसवलेलीच नव्हती, आणि दोघांचे मिळून ए३२० वरचे अडीचशे तासही भरत नव्हते. पुढे एअरबसने ती खिडकी चार आकडी केली. दोष निव्वळ माणसाचा असता तर खिडकी बदलायचं कारण काय होतं?

टेलविंड
खिडकी बदलली हे योग्यच झालं. पण विमान किती वेगाने खाली जातंय हे सांगणारी ती एकटीच जागा नव्हती. उतरण्याचा दर दाखवणारा दर्शक दोघांच्याही समोर होता. एफएमए, म्हणजे स्क्रीनच्या माथ्यावरची मोडची पट्टी, तिथे चालू मोडचं नाव लिहिलेलं होतं. अंतर आणि उंची यांचा मेळ घालता येत होता.

हा मेळ तोंडी घालता येतो. ग्राउंडस्पीडला, म्हणजे जमिनीच्या सापेक्ष वेगाला, ५ ने गुणलं की ३ अंशांच्या उताराला लागणारा दर मिळतो: १४० नॉटला मिनिटाला ७०० फूट. धावपट्टीपासून दर नॉटिकल मैलाला साधारण ३०० फूट, म्हणजे १० मैलांवर ३,००० च्या आसपास असायला हवं. ३७,००० फुटांवरून समुद्रसपाटीच्या विमानतळावर यायचं तर ३७ गुणिले ३, म्हणजे १११ मैल, वर वेग कमी करायला आणखी दहाएक. मागून वारा असेल तर त्याहून आधी निघायचं. नॉबकडे बघून आपण काय मागितलं ते कळतं, यंत्राने काय घेतलं ते एफएमएवरच कळतं. म्हणून मोड बदलला की एफएमए मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने तो स्वतः बघून दुजोरा द्यायचा. बघितल्याशिवाय 'चेक्ड' म्हटलं तर ते वाचन फुकट गेलं.

क्षितिज
टेलविंड, २५ फेब्रुवारी २००९ चं ॲमस्टरडॅम बघा. बोइंग ७३७-८०० च्या डाव्या रेडिओ अल्टिमीटरने (रेडिओ लहरींनी जमिनीपासूनची उंची मोजणारं यंत्र) हवेत असतानाच -८ फूट दाखवलं. ऑटोथ्रॉटलला, म्हणजे इंजिनाचा जोर आपोआप सांभाळणाऱ्या यंत्रणेला, वाटलं विमान टेकतंय, त्याने थ्रॉटल आयडलला, म्हणजे सर्वात कमी जोरावर, ओढले. एफएमएवर 'रिटार्ड' लिहून आलं होतं. पण कंट्रोलरने विमान आखूड वळवल्यामुळे ते ग्लाइडस्लोपच्या, म्हणजे उतरण्याचा उतार दाखवणाऱ्या रेडिओ संकेताच्या, वरून येत होतं. वरून खाली धरायचं तर इंजिन आयडलवरच असतात, त्यामुळे बिघाड हुबेहूब नेहमीसारखा दिसला. कॉकपिटमध्ये दोन नव्हे, तीन वैमानिक होते. वेग धोकादायक कमी झाल्याचा इशारा देणारा स्टिक शेकर हलला तेव्हा उंची जेमतेम ४६० फूट. ९ जण गेले. सहा डोळ्यांना जे दिसलं नाही, ते 'नीट बघा' म्हणून दिसेल?

कंपास
बिघाड ओळखायची गरजच नव्हती, म्हणून मला हा युक्तिवाद पटत नाही. ढगात १,००० फुटांवर विमान स्थिर नसेल तर गो-अराउंड, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर जायचं, एवढा नियम पुरे होता. स्थिर म्हणजे फ्लॅप आणि चाकं उतरण्याच्या स्थितीत, वेग ठरलेल्या मर्यादेत, उतरण्याचा दर मिनिटाला साधारण १,००० फुटांच्या आत, इंजिनला त्या वेगाला साजेसा जोर, लँडिंग चेकलिस्ट पूर्ण. ॲमस्टरडॅमला त्या उंचीवर यातलं बरंच काही बाकी होतं. ६ जुलै २०१३ ला सॅन फ्रान्सिस्कोला तर स्वच्छ ऊन होतं. बोइंग ७७७ चा ऑटोथ्रॉटल 'होल्ड'मध्ये गेल्यामुळे वेग सांभाळत नव्हता. ५०० फुटांवर दर मिनिटाला सुमारे १,२०० फूट आणि थ्रॉटल आयडलवर. का, ते नंतर शोधता आलं असतं. त्या क्षणी जोर देऊन वर जायचं होतं. १३७ नॉट हवे असताना वेग १०३ पर्यंत घसरला.

निरभ्र
कंपास, नियम चांगला आहे, पण पाळला जात नाही. फ्लाइट सेफ्टी फाउंडेशनने याचा अभ्यास केला तेव्हा अस्थिर अप्रोचपैकी (अप्रोच म्हणजे उतरण्यासाठी धावपट्टीकडे येणं) जेमतेम ३ टक्क्यांत गो-अराउंड झालेला आढळला. ९७ टक्के लोक मोडतात त्या नियमाला एकेका वैमानिकाची बेशिस्त म्हणून कसं चालेल? गो-अराउंड केल्याबद्दल स्पष्टीकरण मागणारी कंपनी असेल तर उजव्या सीटवरचा नवखा सहवैमानिक तोंड उघडणार नाही.

शिवाय सगळं स्थिर असूनही घात होतो. २३ मे २०२२, पॅरिस. कंट्रोलरने क्यूएनएच, म्हणजे उंचीमापक जुळवायला लागणारा हवेचा दाब, १००१ ऐवजी १०११ सांगितला. एका हेक्टोपास्कलला साधारण २८ फूट, म्हणजे विमान २८० फूट खाली. ए३२० दाबावर आधारलेल्या उभ्या मार्गाने येत होतं, त्यामुळे मार्गच तेवढा खाली सरकला आणि विचलनाचा काटा मधोमध राहिला. वेग, दर, फ्लॅप, सगळं बरोबर. विमानातल्या यंत्रणेने हूं की चूं केलं नाही. धावपट्टीच्या सुमारे दीड किलोमीटर आधी ते जमिनीपासून ६ फुटांवर आलं, गो-अराउंड केला म्हणून सगळे वाचले.

टेलविंड
पॅरिसचं उदाहरण मला मान्य आहे, तिथली मूळ चूक जमिनीवरची. पण एटिसवर, म्हणजे विमानतळाच्या ध्वनिमुद्रित माहितीत, १००१ च होता. कंट्रोलरचा आकडा एटिसपेक्षा १ ने वेगळा असेल तर समजू शकतं. १० चा फरक पडला तर पुन्हा विचारायलाच हवं. हे काम पायलट मॉनिटरिंगचं, म्हणजे विमान न चालवता लक्ष ठेवणाऱ्या वैमानिकाचं, आहे, आणि त्या वेळी त्याच्याकडे रेडिओ किंवा कागद यांतलं दुसरं काम असता कामा नये. सपाट प्रदेश असेल तर रेडिओ अल्टिमीटरशीही ताडून बघता येतं: ३ मैलांवर ९०० च्या आसपास हवं, ६०० दिसलं तर काहीतरी चुकलंय.

निरभ्र
मग हे ताडून बघणं कंपनीच्या प्रक्रियेत लिहा, सिम्युलेटरमध्ये मुद्दाम चुकीचा क्यूएनएच देऊन घोटवून घ्या, आणि विमानातच दोन आकड्यांची तुलना करणारा इशारा बसवा. तोवर अहवालात 'क्रूने पडताळलं नाही' असं लिहिलं, तर त्याखाली 'त्यांना पडताळायला कोणी शिकवलं होतं की नाही' हेही लिहायला हवं.

कंपास
लिहा. पण १,००० फुटांचा निर्णय त्या इशाऱ्याची वाट बघू शकत नाही. तो आज उड्डाण करणाऱ्या दोघांचाच आहे, आणि 'गो-अराउंड' हा शब्द दोघांपैकी कोणीही उच्चारला की दुसऱ्याने वाद न घालता वर जायचं, यावर माझी तडजोड नाही.