कास्ट आयर्न बुलेटला इलेक्ट्रॉनिक इग्निशन टाकलं, आता घाटात गाडी दमच धरत नाही

सातारकर_बुलेट:
मंडळी जरा डोकं लावा. जुनी कास्ट आयर्न 350 आहे, 12 व्होल्टची. पॉइंटचा (स्पार्क पाडायला उघडझाप करणारा संपर्क) वैताग आला होता, पावसाळा आला की पॉलिश पेपर घेऊन बसायचं, म्हणून बाहेरचं इलेक्ट्रॉनिक किट टाकून घेतलं, बॉक्स, पिकअप (पॉइंटच्या जागी बसणारा सेन्सर) आणि नवीन कॉइल. स्टार्टिंग एकदम मस्त, आयडलिंगला पूर्वीसारखाच ठोका, पण 50 च्या पुढे गाडी पळतच नाही, वर खंबाटकीला तिसऱ्या गिअरमध्ये थ्रॉटल दिला की टकटक आवाज येतो आणि हेड एवढं तापतं की पायाला चटका बसतो. पॉइंटवर हाच घाट आरामात चढायची. गॅरेजवाला म्हणतो कार्बोरेटर बदला. बदलू का?

जेटवाला:
कार्बोरेटरचा मेन जेट (पेट्रोल येतं ते भोक) एक नंबर मोठा टाकून बघ, लीन चालत असेल, म्हणजे पेट्रोल कमी पडत असेल. स्पार्क जोरात झाला की पेट्रोल जास्त लागतं.

पॉइंटवाले_काका:
जेटवाला, स्पार्क जोरात झाला म्हणून जेट मोठा लागत नाही रे, हवा आणि पेट्रोल तेवढंच आहे. किट टाकायच्या आदल्या दिवसापर्यंत गाडी नीट होती ना, मग कार्बोरेटरला हात लावू नका.

सातारकर, मला एवढंच सांगा, डिस्ट्रिब्युटरमधला (पॉइंटचा डबा) ऑटो ॲडव्हान्स तसाच ठेवलाय का? म्हणजे ती दोन वजनं आणि बारीक स्प्रिंगा. पॉइंटच्या गाडीत आरपीएम वाढला की ती वजनं बाहेर फेकली जातात आणि स्पार्क लवकर पडतो. काही किटमध्ये फक्त पॉइंटच्या जागी पिकअप येतो, त्यात वजनं लागतातच. पण ज्या बॉक्समध्ये स्वतःचा ॲडव्हान्स असतो त्यात वजनं लॉक करावी लागतात, नाहीतर डबल ॲडव्हान्स होतो, बॉक्सचा वेगळा आणि वजनांचा वेगळा. आयडलला वजनं मिटलेली असतात म्हणून तिथे काही कळत नाही, आरपीएम वर गेला की नॉकिंग (ती टकटक), ताप आणि ओढ गायब. तुमची सगळी लक्षणं हीच आहेत. आणि डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, तिथे 1 डिग्री चुकली की क्रँकला 2 डिग्री, त्यामुळे अंदाजाने पॉइंटची प्लेट फिरवून हे सुटायचं नाही.

सातारकर_बुलेट:
काका आत्ताच कव्हर उघडलं, वजनं जागेवर आहेत आणि हाताने फिरवली की मोकळी फिरतात. किटच्या कागदावर आरपीएमचा ग्राफ छापलाय, म्हणजे बॉक्समध्येच ॲडव्हान्स आहे बहुतेक.

पॉइंटवाले_काका:
मग सापडलं की. काही किटबरोबर लॉक करायची प्लेट येते, डब्यात बघा, कधीकधी गॅरेजवाला तिला जादा वॉशर समजून बाजूला ठेवतो. नुसत्या स्प्रिंगा काढून वजनं सैल सोडू नका, टायमिंग नाचेल. 350 ला पॉइंटवर 0.8 एमएम बीटीडीसी (पिस्टन अगदी वर पोचायच्या आधी) ठेवायचो तो आकडा वजनं मिटलेली असतानाचा, इथे तो विसरा, किटवाल्याने जे मार्किंग सांगितलंय तेच धरा आणि वरच्या आरपीएमला टायमिंग लाइट (स्पार्कबरोबर चमकणारा दिवा) लावून बघा. आणि एक, पूर्वी डिकॉम्प्रेसर (सिलेंडरचा दाब सोडायचा लिव्हर) दाबून ॲमीटरच्या काट्यावर पिस्टन शोधायचा, ती सवय सोडा, काटा आता तसा हलेलच असं नाही.

वायरमन_कोल्हापूर:
हे झालं की प्लग कॅप पण बघ भावा. साधी बिनरेझिस्टरची असेल तर असले बॉक्स बावचळतात, मधेच मिसिंग देतात. रेझिस्टरवाली कॅप टाक. बॉक्सचं अर्थिंग डायरेक्ट इंजिनला घे, रंगावर बोल्ट आवळून अर्थ मिळत नाही.

सातारकर_बुलेट:
प्लेट सापडली! डब्यात नव्हती, गॅरेजमधल्या नटबोल्टच्या ट्रेमध्ये पडली होती. लॉक करून लाइट लावून सेट केलं, टकटक गेली, खंबाटकीला तिसऱ्यात दमात चढली. फक्त रात्री हेडलाइट आणि हॉर्न एकदम लावला की एखादा मिस येतो अजून.

वायरमन_कोल्हापूर:
ते बॅटरीचं. आयडलला हेडलाइट लावून बॉक्सच्या वायरवर मीटर धर, तिथे किती व्होल्ट उरतात ते इथे टाक. आणि चावीच्या स्विचमधून करंट येत असेल तर तिकडे पण बघ, जुन्या बुलेटच्या स्विचमध्ये कधीकधी व्होल्ट तिथेच जिरतात.