जुनी लांबलचक कमांड शोधून दुरुस्त कशी करावी?

प्रश्न (सातपूर, नाशिक)
आमच्या कारखान्यातल्या ड्रॉइंगच्या फायली रोज संध्याकाळी आरसिंकने (फायली कॉपी करणाऱ्या प्रोग्रामने) दुसऱ्या सर्व्हरवर पाठवण्याचे काम माझ्याकडे आहे. कमांड दीड ओळीची असून तिच्यात रोज फक्त तारखेचा फोल्डर बदलायचा असतो. पण ती सापडेपर्यंत वरच्या बाणाचे बटण चाळीसेक वेळा दाबावे लागते. त्यातच काल दुपारी वीज गेली आणि सकाळपासून टाइप केलेले काहीच नंतर सापडले नाही. असे का झाले, आणि शोधण्याची याहून बरी रीत कोणती? उबुंटू लिनक्सवर बॅश (टाइप केलेल्या कमांडी चालवणारा शेल) वापरतो.

उत्तर १ (इंदिरानगर)
कंट्रोल-आर दाबून कमांडमधला एखादा वेगळा शब्द टाइप करावा. ‘आरसिंक’पेक्षा सर्व्हरचे नाव दिलेत तर नेमकी ओळ लवकर येते, आणि त्याआधीची हवी असल्यास पुन्हा कंट्रोल-आर दाबावे. सापडताच एंटर मारू नका. उजव्या बाणाने ओळ पकडा, ऑल्ट-बीने एकेक शब्द मागे येत तारखेपाशी थांबा आणि मगच बदल करा. कमांडमध्ये ‘--डिलीट’ असेल, तर चुकीच्या फोल्डरमुळे पलीकडच्या फायली पुसल्या जाऊ शकतात. शोधताना हवी ती ओळ मागे टाकली म्हणून उलट दिशेने शोधायला कंट्रोल-एस दाबाल, तर बहुधा टर्मिनल गोठल्यासारखे वाटेल. ती फ्लो कंट्रोलची, म्हणजे पडद्यावर येणारा मजकूर थांबवण्याची, जुनी सोय आहे, कंट्रोल-क्यू दाबले की सुटते. (मी पहिल्यांदा घाबरून खिडकीच बंद केली होती.)

उत्तर २ (अंबड)
विजेचे कारण सोपे आहे. बॅश कमांडी मेमरीत ठेवतो आणि शेल बंद होतानाच त्या ‘.बॅश_हिस्टरी’ या फायलीत लिहितो, त्यामुळे वीज अचानक गेली की त्या सत्रातले सगळे जाते. ‘.बॅशआरसी’मध्ये (बॅश सुरू होताना वाचतो त्या सेटिंगच्या फायलीत) ‘प्रॉम्प्ट_कमांड’ या व्हेरिएबलला ‘हिस्टरी -ए’ ही किंमत दिल्यास प्रत्येक कमांडनंतर लगेच नोंद होते. उबुंटूच्या मूळ ‘.बॅशआरसी’त ‘हिस्टसाइझ’ (मेमरीतल्या कमांडींची मर्यादा) १००० आणि ‘हिस्टफाइलसाइझ’ (फायलीतल्या ओळींची मर्यादा) २००० असते. दोन्ही वाढवून घ्या.

उत्तर ३ (पंचवटी)
दीड ओळीच्या कमांडसाठी मी कंट्रोल-एक्स, कंट्रोल-ई वापरतो. चालू ओळ एडिटरमध्ये उघडते आणि दुरुस्ती सोयीची होते. मात्र सेव्ह करून बाहेर पडताच कमांड चालू होते, त्यामुळे बेत बदलला तर सगळा मजकूर पुसून, रिकामी फाइल सेव्ह करून बाहेर पडावे.

प्रश्नकर्ता
कंट्रोल-आरने आजची कमांड दुसऱ्याच दाबाला मिळाली. ‘हिस्टरी -ए’ची ओळही ‘.बॅशआरसी’त घातली आहे.