ग्राफ थिअरी पायापासून शिकायचीय, सुरुवात कुठून करू?

शिकाऊ_डोंबिवली: नमस्कार मंडळी. सेकंड इयर कॉम्प्युटरला आहे, डिस्क्रीट मॅथ्समध्ये ग्राफ थिअरी सुरू झालीय. व्हर्टेक्स (ठिपका), एज (दोन ठिपके जोडणारी रेघ), डिग्री (एका ठिपक्याला लागलेल्या रेघांची संख्या) इथपर्यंत ठीक. वॉक, ट्रेल, पाथ आलं की सगळं एकमेकांत मिसळतं. व्याख्या पाठ आहेत, पण गणित समोर आलं की हात चालत नाही. पुस्तक किंवा व्हिडिओ सुचवा. क्लासचा खर्च झेपणार नाही.

गणितवेडी: क्लास नकोच. नरसिंग देव यांचं ग्राफ थिअरीचं पुस्तक लायब्ररीत शोध, पहिली तीन प्रकरणं नीट कर. एनपीटीईएल या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर आयआयटीच्या प्राध्यापकांची लेक्चर्स फुकट आहेत. पण त्याआधी वहीत लोकलचा नकाशा काढ. स्टेशन म्हणजे व्हर्टेक्स, लगतच्या दोन स्टेशनांमधला मार्ग म्हणजे एज. दोन्ही दादर मिळून एकच धर.

दादर, माटुंगा, शीव, कुर्ला, चुनाभट्टी, जीटीबी नगर, वडाळा, किंग्ज सर्कल, माहीम, माटुंगा रोड आणि परत दादर. ही झाली १० व्हर्टेक्सची सायकल. यातली कुठलीही एक एज खोड, दुसऱ्या बाजूने फिरून पोचता येतंच. आता कल्याण-शहाड खोड. कसाऱ्याकडची सगळी स्टेशनं तुटली! अशा एजला ब्रिज म्हणतात, आणि कल्याण हा कट व्हर्टेक्स, म्हणजे जो काढला की जाळं तुटतं.

तुझा गोंधळ इथेच सुटेल. ठाकुर्ली, कल्याण, शहाड, कल्याण, विठ्ठलवाडी हा वॉक आहे, पण ट्रेल नाही, कारण कल्याण-शहाड एज दोनदा आली. विद्याविहारहून कुर्ला, तिथून वरची अख्खी सायकल फिरून पुन्हा कुर्ला आणि मग टिळक नगर: एकही एज दोनदा नाही, म्हणून ट्रेल. कुर्ला दोनदा आलं, म्हणून पाथ नाही.

मास्तर_गिरगाव: ताईंनी सांगितलेलं उत्तम आहे. एक सावधगिरी: देव ज्याला सर्किट म्हणतात त्याला इतर बरीच पुस्तकं सायकल म्हणतात. परीक्षेत तुमच्या सरांची व्याख्या धरा.

आणि लोकलवर थांबू नका, त्या जाळ्यात सायकली फार कमी. कम्प्लीट (प्रत्येक जोडीत एज असलेले) आणि बायपार्टाइट (ठिपक्यांचे दोन गट, एज फक्त एका गटातून दुसऱ्यात) ग्राफ वेगळे काढून बघा. चार ठिपके घेऊन प्रत्येक जोडी जोडा: ६ एज, प्रत्येकाची डिग्री ३. बेरीज १२, म्हणजे एजच्या दुप्पट. प्रत्येक एज तिच्या दोन्ही टोकांना मोजली जाते, त्यामुळे हे कुठल्याही ग्राफमध्ये खरंच असतं. यावरूनच विषम डिग्रीचे व्हर्टेक्स नेहमी सम संख्येत येतात. हे एकदा स्वतः पटवून घ्या, निम्मा धडा सोपा होतो.

शिकाऊ_डोंबिवली: नकाशा काढला. कुर्ला ४ (शीव, विद्याविहार, चुनाभट्टी, टिळक नगर), वडाळा ३, माहीम ३. बरोबर ना सर?

मास्तर_गिरगाव: अगदी बरोबर. आता गणितज्ञ ऑयलरने १७३६ मध्ये सोडवलेला क्योनिग्सबर्ग शहरातल्या पुलांचा प्रश्न घ्या. जमिनीचे ४ भाग, ७ पूल, डिग्री ५, ३, ३, ३. प्रत्येक पूल एकदाच ओलांडून सगळं फिरायचं असेल, तर विषम डिग्रीचे व्हर्टेक्स जास्तीत जास्त दोन चालतात, कारण मधल्या प्रत्येक जागी जितक्यांदा शिरू तितक्यांदाच बाहेर पडावं लागतं. इथे चारही विषम, म्हणून अशक्य. तुमची ती १० स्टेशनांची सायकल आणि तिच्या लगतची स्टेशनं, एवढ्याच नकाशावर हे तपासा आणि उत्तर इथे टाका.