मदत हवी आहे : जुनं पब्लिकेशन सर्व्हरवरून निघत नाहीये

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीचा एसक्यूएल सर्व्हर २०१६ (मायक्रोसॉफ्टचं डेटाबेस सॉफ्टवेअर) माझ्याकडे आहे. रेप्लिकेशनमध्ये (डेटाची प्रत दुसऱ्या डेटाबेसकडं पाठवणं) मधला दुवा असलेल्या डिस्ट्रिब्युटरचं मशीन गेल्या महिन्यात जळालं, ते काही आता परत येत नाही. पब्लिकेशन (काय पाठवायचं त्याची व्याख्या) मात्र तसंच राहिलंय. डिलीट करायला गेलं की डिस्ट्रिब्युटर सापडत नाही म्हणून एरर.

त्रास लॉग फाइलचा (डेटाबेसमधल्या बदलांची नोंद) आहे. ९० जीबी झालीय. लॉग बॅकअप घेऊनही जागा सुटत नाही, लॉग रियूज वेटपुढं (जागा कशामुळं अडलीय ते दाखवणारा रकाना) 'रेप्लिकेशन' दिसतं. परवा रात्री ड्राइव्ह भरला, गेटवर ट्रक उभा आणि चलन निघेना. जुने बॅकअप दुसरीकडं हलवून कसंबसं चालू केलं.

'एसपी_ड्रॉपपब्लिकेशन'ला (पब्लिकेशन काढणारी कमांड) 'इग्नोर_डिस्ट्रिब्युटर = १' (डिस्ट्रिब्युटरला न जोडता) द्यावं, की सरळ 'एसपी_रिमूव्हडीबीरेप्लिकेशन' (डेटाबेसमधलं सगळं रेप्लिकेशन काढणारी कमांड) चालवावं? मला दुसरं बरं वाटतं, कारण या डेटाबेसमधलं रेप्लिकेशन आता अजिबात नकोय. पण त्यानं लॉग लगेच सुटतो, की आधी 'एसपी_रेपलडन' (लॉगमधले बदल पोचले अशी खूण करणारी कमांड) लागतं? पूर्ण बॅकअप घेतलाय. चालू डेटाबेसवर कुणी हे केलं असेल तर कृपया क्रम सांगा. रविवारी साप्ताहिक सुट्टीत करायचा विचार आहे.